फडक्यावरचा थर

श्रीखंडासाठी दही टांगलं की पहिला तासभर खालच्या पातेल्यात टपटप चालू असते. मग दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं आणि रात्री निजताना कान दिला तर मिनिटाला एखादाच थेंब पडतो. दह्यातलं पाणी संपत आलं म्हणून असं होतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती निम्मीच खरी. फडक्याला आतून चक्क्याचा जो घट्ट थर धरतो, त्यातून वाट काढत उरलेल्या पाण्याला बाहेर यावं लागतं. थोड्या वेळाने गाळण्याचं काम फडकं करतच नाही, तो थर करतो. आजी मध्येच उठून पुरचुंडी सोडायची, चमच्याने कडेचा चक्का खरवडून मध्ये ढकलायची आणि पुन्हा गाठ मारायची. लगेच थेंबांचा वेग वाढायचा.

मेम्ब्रेनने पाणी गाळणारी केंद्रं चालवणारे इंजिनिअर आजीचंच काम करत असतात. फडक्याच्या जागी माणसाने बनवलेला बारीक पडदा असतो आणि चक्क्याच्या जागी माती, शेवाळ, जिवाणू, कुजलेल्या पानांचा अर्क. या थराला त्यांच्या भाषेत ‘फाउलिंग’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत त्यात प्लॅस्टिकच्या चुऱ्याची भर पडली आहे. हा नवा पाहुणा जुन्यांपेक्षा वेगळा वागतो.

आधी मापं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणायचा प्रघात आहे. हा शब्द रूढ झाला तो २००४ साली, ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या ‘सायन्स’मधल्या लेखानंतर. मायक्रॉनच्याही खाली गेलं की नॅनोप्लॅस्टिक. आता मेम्ब्रेन पाहा. मायक्रोफिल्ट्रेशनची छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपासची किंवा थोडी मोठी, अल्ट्राफिल्ट्रेशनची त्याच्याही दसपट बारीक होऊ शकतात. घराघरांत पोचलेल्या आरओला तर छिद्र म्हणावं असं काही नसतंच. पॉलिमरच्या दाटीतून पाण्याचे रेणू कसेबसे पलीकडे जातात आणि क्षार मागे राहतात.

म्हणजे मेम्ब्रेन प्लॅस्टिक अडवतं का, याचं उत्तर सोपं आहे: बहुतांशी अडवतं. अडवलेलं प्लॅस्टिक पुढे मेम्ब्रेनचं काय करतं, हा प्रश्न मात्र अवघड आहे.

स्वयंपाकघरात एक प्रयोग करता येतो. एका फडक्यावर रव्याचा थर पसरा, दुसऱ्यावर तेवढ्याच जाडीचा मैद्याचा आणि दोन्हींवर वाटीभर पाणी ओता. रव्यातून ते झिरपतं, मैद्यावर तळं साचतं. मैदा पाण्याने चिकटही होतो, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, पण मुद्दा कळतो. बाकी सगळं तेच ठेवून कण निम्म्या आकाराचा केला तर थराचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळे नदीत तरंगणाऱ्या पिशवीच्या चिंध्या पाहून आपल्या पोटात गोळा येत असला, तरी मेम्ब्रेनला त्यांचं काहीच वाटत नाही. त्या आधीच्या जाळीतच अडकतात. उलट मातीच्या बारीक थरात प्लॅस्टिकचे थोडे जाड कण मिसळले तर थर भुसभुशीत होतो आणि पाणी जरा सहज जातं, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

मग सर्वांत बारीक कण सर्वांत वाईट का? तसंही नाही. पुष्कळ केंद्रांत पाणी मेम्ब्रेनवर काटकोनात ढकलत नाहीत, त्याच्या अंगावरून वाहतं ठेवतात. थर धरायच्या आत कण वाहून जावेत, हा हेतू. मोठ्या कणांना या वाहत्या पाण्याचा रेटा पृष्ठभागावरून लोटून देतो. अगदी चिमुकले कण पाण्याच्या रेणूंचे धक्के खात सतत थरथरत असतात, त्या थरथरीनेच ते मेम्ब्रेनपासून दूर सरकतात. अडचण होते ती मधल्यांची. मायक्रॉनच्या दहाव्या भागापासून साधारण एक मायक्रॉनपर्यंतचे कण लोटले जाण्याइतके मोठे नसतात आणि थरथरत निसटण्याइतके लहानही नसतात. ना घर का ना घाट का, अशी त्यांची गत. ते येतात आणि बसतात.

प्लॅस्टिक झिजता झिजता कधी ना कधी याच मापावर येतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेहरा घासायच्या स्क्रबमधलं पॉलिएथिलीन त्यांनी बारीक करून पाण्यात मिसळलं आणि ते पाणी बाजारात मिळणाऱ्या पॉलिसल्फोनच्या अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनवरून ४८ तास वाहू दिलं. मेम्ब्रेनमधून येणारं पाणी ३८ टक्क्यांनी घटलं. चुरा नुसता वर साचला नव्हता, मेम्ब्रेनला चिकटलाही होता. पॉलिएथिलीन आणि पॉलिसल्फोन दोघांनाही पाण्याचं वावडं, त्यामुळे पाण्यात सापडल्यावर ते एकमेकांना धरतात.

असे आकडे वाचून घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचं प्रमाण नदीतल्यापेक्षा पुष्कळ जास्त ठेवतात, नाहीतर दोन दिवसांत काही दिसायचंच नाही. आपल्याकडच्या श्रावणातल्या गढूळ नदीत मातीच्या मानाने प्लॅस्टिक वजनाने चिमूटभरही नसेल. मेम्ब्रेन तुंबवण्यात पहिला मान आजही माती, शेवाळ आणि जिवाणूंचाच आहे. तरीही मला प्लॅस्टिकची जास्त काळजी वाटते. त्याचं कारण मेम्ब्रेन धुण्याच्या पद्धतीत आहे.

तुंबलेलं मेम्ब्रेन धुण्याची रीत ठरलेली आहे. अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये आधी उलट्या दिशेने पाणी सोडतात, तो बॅकवॉश. त्याने सुटी माती निघते. क्षारांची खपली बसली असेल तर आम्ल, कुजकट सेंद्रिय थरासाठी कॉस्टिक सोडा, जिवाणूंच्या बुळबुळीत साईवर सोडियम हायपोक्लोराइट. प्रत्येक मळाला त्याचं औषध आहे. प्लॅस्टिकवर यातलं एकही चालत नाही. ते आम्लात विरघळत नाही, सोड्याला दाद देत नाही. प्लॅस्टिक विरघळवणारी रसायनं आहेत, पण ती वापरायची सोय नाही, कारण मेम्ब्रेन स्वतःच प्लॅस्टिकचं असतं. मळ काढायला जावं तर फडकंच विरघळायचं.

मेम्ब्रेन नेहमीच असं निखळ कृत्रिम प्लॅस्टिकचं नव्हतं. आरओचं पहिलं कामाचं मेम्ब्रेन १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी केलं. ते सेल्युलोज ॲसिटेटचं होतं, म्हणजे मुळात लाकूड-कापसाच्याच कुळातलं. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा या गावाचं मचूळ पाणी त्याच तंत्राने गोडं होऊ लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा अतिपातळ थर बसवलेलं मेम्ब्रेन काढलं. ते इतकं सरस ठरलं की सेल्युलोज मागे पडलं. आजच्या आरओ मेम्ब्रेनचा उभा छेद घेतला तर वर मायक्रॉनच्या पाचव्या भागाइतकं किंवा त्याहून पातळ पॉलिअमाइड, खाली पॉलिसल्फोन आणि तळाला पॉलिएस्टरचं कापड. अशी पानं प्लॅस्टिकच्या जाळीसह सुरळीच्या वडीसारखी गुंडाळून नळकांड्यात बसवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेलं अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेन पॉलिॲक्रिलोनायट्राइलचं आहे. हिवाळ्यातले ॲक्रिलिकचे स्वेटर ज्या घराण्याचे, त्याच घराण्याचं.

स्वेटरचा विषय निघाला आहे तर तंतूंचंही सांगते. थॉम्पसन यांच्याच विद्यापीठात २०१६ साली केलेल्या मोजणीत सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात, असा हिशेब निघाला. कण चाळणीत अडतो. तंतूची गोष्ट निराळी. तो आडवा आला तर अडतो, उभा आला तर सुईसारखा पार होतो. सांडपाण्याच्या काही केंद्रांत मेम्ब्रेनच्या नळ्यांचे झुबके पाण्यात सोडलेले असतात. त्यांच्याभोवती केस आणि तंतू वळून अक्षरशः वेण्या होतात आणि त्या हाताने सोडवाव्या लागतात. म्हणून मेम्ब्रेनच्या आधी एक-दोन मिलिमीटरची बारीक जाळी लावतात.

फिनलंडमध्ये २०१७ साली सांडपाण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या चार पद्धतींची तुलना झाली. जिवाणूंनी पचवलेलं सांडपाणी मेम्ब्रेनने गाळणाऱ्या पद्धतीने, म्हणजे मेम्ब्रेन बायोरिअॅक्टरने, ९९.९ टक्के सूक्ष्म प्लॅस्टिक काढलं. लिटरमागे ६.९ कण आत गेले आणि ०.००५ बाहेर आले. मेम्ब्रेन विकणाऱ्यांना हा आकडा फार प्रिय आहे. त्याच तक्त्यात साध्या वाळूच्या जलद गाळणीपुढे ९७ टक्के लिहिलं आहे, त्याकडे कोणी बोट दाखवत नाही. शिवाय मोजणी २० मायक्रॉन आणि त्याहून मोठ्या कणांचीच होती. त्याखालचं मोजणीच्या जाळीत सापडणारच नव्हतं, म्हणजे मेम्ब्रेनला छळणारे ते मधले कण या ९९.९ मध्ये धरलेलेच नाहीत.

त्याखालचं मोजण्याचं तंत्र अलीकडे आलं. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या तीन ब्रँडच्या बाटलीबंद पाण्याची लेसरने तपासणी प्रसिद्ध केली. लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले आणि त्यातले नव्वद टक्के नॅनो. बाटलीच्या पीईटीचे कण असणार हे ठाऊकच होतं. पण त्यांना पॉलिअमाइडही भरपूर सापडलं. संशोधकांचा संशय पाणी शुद्ध करणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाळण्यांवरच आहे. काट्याने काटा काढायला जावं आणि दुसऱ्या काट्याचं टोक पायात मोडून राहावं, तसं काहीसं.

गाळण झिजते कशी? एक कारण घर्षण. धारदार तुकडे दाबाखाली पृष्ठभागावरून घासत जातात. दुसरं कारण धुणं. हायपोक्लोराइट आणि सोडा वारंवार लागले की मेम्ब्रेनचा पॉलिमर ठिसूळ होतो. आरओच्या पॉलिअमाइडला तर क्लोरीन मुळीच सोसत नाही, त्यामुळे तिथे जिवाणूंची साय धरली तर ब्लीच मारायची सोय नाही. आणि प्लॅस्टिकचा कण एकटा येत नाही. नदीत महिनोन्महिने भिजताना त्यावर जिवाणूंनी वस्ती केलेली असते. तो येऊन बसतो तेव्हा विरजणच घेऊन येतो.

मुंबई महापालिकेने मनोरीला रोज २० कोटी लिटर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प योजला आहे. पावसाळ्यात मोठ्या भरतीला समुद्र आपला कचरा किनाऱ्यावर परत आणून टाकतो, हे मुंबईकर दरवर्षी पाहतात. तिथली मेम्ब्रेनं किती टिकतील हे आरओच्या कंपनीपेक्षा त्याआधीचं पाणी कसं निवळतात यावर जास्त ठरेल. निवळण्याची जुनी रीत म्हणजे तुरटी. ती मातीच्या कणांचा विद्युतभार मोडते, त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. पॉलिएथिलीन पाण्याहून हलकं, ते पुंजक्यात नीट अडकलं नाही तर बसायचं सोडून वर येतं. तेव्हा तळाचा गाळ काढण्याच्या जोडीला वरची सायही काढावी लागते.

आमच्या घरचा आरओ मध्यंतरी मंदावला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने झाकण काढलं. “काकू, कँडल बघा.” पांढरी असलेली पॉलिप्रॉपिलीनची कँडल चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती. “मेम्ब्रेन पण चोक आहे. बदलू?” मी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, विचारला. नळाच्या पाण्याचा त्याच्या मीटरवर ८२ आला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितलं होतं की ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओला मनाई करावी. मुंबई-पुण्याला धरणाचं पाणी पिणाऱ्या बहुतेक घरांना आरओची गरज पडू नये. प्लॅस्टिकचीच धास्ती असेल तर साधं अल्ट्राफिल्ट्रेशन (यूएफ) मायक्रॉनच्या दहाव्या भागापर्यंतचं अडवतं, शिवाय आरओसारखं लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडत नाही.

मोरीत जातं त्यात अडवलेलं प्लॅस्टिकही असतं. ते गटारातून सांडपाण्याच्या केंद्रात, तिथून बहुतांशी गाळात. वाळलेला गाळ पुष्कळदा खत म्हणून शेतात पडतो. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रात बॅकवॉशचं पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेकदा पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडतात. म्हणजे कालचा कण आज परत रांगेत उभा.

मेम्ब्रेन बदललं नाही, फक्त कँडल बदलली. तो मुलगा पिशवी आवरत होता. “जुनी घेऊन जातोस का?” मी विचारलं. “आम्ही नाही घेत, काकू. भंगारवालाही घेत नाही,” तो म्हणाला. ओट्यावर ती ओली कँडल निथळत पडली होती. ती सुक्या कचऱ्यात टाकायची की ओल्या, यावर घरात अर्धा तास वाद झाला.