आधी पडायला शिकू द्या, मग लढायला

शाळा सुटली की कराटे, ज्युदोचे वर्ग आता तालुक्याच्या गावातही भरतात. तालमी तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. "पोरगं लाजतंय, चारचौघांत बोलत नाही, जरा धीट होईल," म्हणून आई-वडील पाठवतात. पण धीटपणा येतो कशातून? ठोसा मारता आला म्हणून? खरं तर तो येतो पडण्यातून.

ज्युदोचंच बघा. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ मध्ये ही विद्या सुरू केली. यात आधी फेकायला नाही, पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, डोकं आपटू द्यायचं नाही, आणि पडता पडता पसरलेल्या हाताने मॅटवर जोरात थाप मारायची. त्या थापेने मार वाटला जातो, एकाच जागी बसत नाही. सुरुवातीला मूल अंग आखडून घेतं. शंभरदा पडलं की सैल होतं. पडलो तरी मोडत नाही, हे मग त्याला भाषणातून सांगावं लागत नाही, पाठीला कळलेलं असतं.

दुसरी गोष्टही थापेचीच. पकड सहन होईना की दोनदा थाप द्यायची आणि समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. 'बास' म्हणण्यात कमीपणा नाही आणि दुसऱ्याचं 'बास' ऐकायचंच, हे दोन्ही मूल इथे शिकतं. मुलींसाठी आणि मुलांसाठीही हे मला फेकण्याच्या डावांपेक्षा मोलाचं वाटतं.

कुस्तीत हेच मातीत होतं. काल चितपट झाला तरी आज पहाटे आखाडा उकरायला जावंच लागतं. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा सहावे आले. सराव मातीवरचा, तिथे मॅट. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पोरांना नुसतं पदक सांगू नका, मधली चार वर्षंही सांगा.

आता पालकांचं काम. वर्ग लावण्याआधी एक दिवस कोपऱ्यात बसून बघा. हरलेल्या पोराशी वस्ताद काय बोलतात, त्यावरून बरंच कळतं. मारणं, सगळ्यांसमोर हिणवणं, याने पोरगं धीट होत नाही, गप्प बसायला शिकतं. फी भरली की दर वेळी नवा पट्टा मिळतो आणि नापास कुणीच होत नाही, तर ती परीक्षा नव्हे, पावती समजा. स्पर्धेसाठी वाढत्या वयाच्या मुलाचं पाणी तोडून वजन उतरवायला सांगितलं, तर साफ नाही म्हणा. पालकांना आत बसू देत नाहीत, तो वर्ग नकोच. मुलाने काही वावगं सांगितलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोफत आहे.

आणि पायाखाली बघा. सिमेंटच्या फरशीवर नुसती सतरंजी टाकून फेकाफेकी चालली असेल, तर पोराला तसंच घरी घेऊन या.