राम जोशी : शब्द कागदावर, चाल गळ्यात



मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, हे नांदेड-लातूरकडच्या मंडळींना सांगायला नको. दिवसा जनावरांचा बाजार आणि रात्री तंबूतून घुमणारी ढोलकी. तीच माणसे गावी परतली, सप्ताह बसला, की टाळ घेऊन कीर्तनाला उभी राहतात. त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. पण या दोन ठिकाणांमध्ये आपल्या समाजाने एक उंच भिंत बांधली. कीर्तन प्रतिष्ठेचे, तमाशा हलका! ती भिंत ओलांडून दोन्हीकडे वावरलेल्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ. त्यांचे नाव राम जोशी.

लातुराहून सोलापूर काही फार लांब नाही. तिथे सन १७६२ च्या सुमारास एका ब्राह्मण घरात राम जोशींचा जन्म झाला. थोरले बंधू मुद्गल जोशी शास्त्री आणि कीर्तनकार. धाकट्यानेही पोथ्या उघडाव्यात, ही घरच्यांची अपेक्षा. पण या मुलाचा जीव रमला धोंडी शाहिराच्या फडात! तिथे डफ वाजू लागला, की त्याला घर आठवत नसे. स्वतः लावण्या रचून तो फडाला देऊ लागला. अखेर भावाने त्याला घराबाहेर काढले, असे सांगतात.

मग राम जोशी पंढरपुरास गेले, बाबा पाध्ये यांच्यापाशी संस्कृत शिकले. परत आले ते चांगले व्युत्पन्न होऊन. कीर्तनेही करू लागले. पण डफ काही सुटला नाही. बारामतीला पंतकवी मोरोपंतांची भेट झाली, पंतांनी त्यांची वाणी वाखाणली आणि ती कीर्तनाला लावा असे सुचवले, अशी आख्यायिका आहे. एवढे खरे, की पंतांच्या आर्या लोकांच्या कानी पोचवण्यात राम जोशींच्या कीर्तनांचा मोठा वाटा होता. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यातही त्यांचे नाव झाले. १८१२ च्या सुमारास ते वारले.

आता त्यांच्या रचनेकडे वळू. शिक्षक बंधु-भगिनींनो, हा भाग तुमच्या कामाचा आहे हं. संस्कृतातल्या अक्षरगणवृत्तांत प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. लावणीत तसे नाही. तिथे बहुधा आठ-आठ मात्रांचा फेरा चालतो. गाणारा एखादा स्वर लांबवतो, एखादा आखडतो, पण डफाच्या थापेवर नेमका येऊन पोचतो. मागे उभे असलेले झीलकरी कडव्याचा शेवट उंच सुरात उचलून धरतात. शाहिराला तेवढीच दम घ्यायला सवड मिळते. राम जोशींनी या चौकटीत संस्कृतातले अनुप्रास आणि यमके आणून बसवली. एक लावणी तर त्यांनी चार भाषा मिळून रचली. सोलापूरचा माणूस, त्याच्या कानावर मराठीबरोबर कानडी आणि हिंदुस्थानीही पडत असणारच!

त्यांची ‘छेकापह्नुती’ नावाची लावणी प्रसिद्ध आहे. हे अलंकाराचे नाव ऐकून दचकू नका. अर्थ सोपा आहे : खरी गोष्ट चतुराईने झाकायची. माझ्या पदरचे उदाहरण देतो. एक सखी म्हणते, “रात्रभर कानाशी गुणगुणला ग, झोप म्हणून लागू दिली नाही.” दुसरी विचारते, “कोण, घरधनी?” पहिली म्हणते, “छे ग, डास!” शास्त्रीबुवांच्या पोथीतला अलंकार राम जोशींनी यात्रेतल्या शेतकऱ्याला असा हसत-खेळत पोचवला. शृंगाराबरोबर वैराग्याच्या आणि उपदेशाच्या लावण्याही त्यांनी लिहिल्या.

नेमक्या त्याच काळात दूर पोलंड देशात मिखाल ओगिन्स्की (१७६५ ते १८३३) नावाचा सरदार संगीतरचना करत होता. तीन मात्रांच्या ठेक्यावर चालणारे ‘पोलोनेज’ हे तिकडचे नृत्य. त्या चालीवर त्याने पियानोसाठी रचना केल्या. त्याच्या डोळ्यांदेखत शेजारच्या राज्यांनी त्याचा देश वाटून घेतला. १७९५ साली पोलंड नकाशावरूनच नाहीसा झाला. पण ओगिन्स्कीचे सूर राहिले. का? तर तिकडे रचनाकार सुरांच्या खुणाच कागदावर लिहून ठेवतो. दोनशे वर्षांनीही वाजवणारा तो कागद समोर ठेवतो आणि रचना वाजवतो.

आपल्याकडे असे झाले नाही. राम जोशींचे शब्द कागदावर उतरले, छापले गेले. चाल मात्र गळ्यातून गळ्यात गेली. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट निघाला, जयराम शिलेदार त्यात राम जोशी झाले, आणि हे नाव पुन्हा घरोघर पोचले. तरी बोलपटाची चाल वसंत देसायांची. जुन्या फडाची चाल निराळी. ती सांभाळली फडातल्या माणसांनी. ज्यांना आपण हलके म्हटले, त्यांनीच हो!

म्हणून एक विनंती. गुरुजी, कवितेच्या तासाला लावणी नुसती वाचून तिचा अर्थ सांगू नका. मुलांना बाकावर आठ मात्रांचा ठेका धरायला लावा आणि मग म्हणून घ्या. गावात जुन्या चाली येणारा एखादा म्हातारा शाहीर, गोंधळी किंवा कीर्तनकार असेल, तर त्याला सन्मानाने शाळेत बोलवा. आज खिशाखिशात फोन आहे. त्याचा आवाज त्यात भरून ठेवा. छापलेला शब्द पेटीत सुखरूप राहतो. चालीचे तसे नाही. गाणारा गळा मिटला, की तीही त्याच्याबरोबर जाते.