गालावरची लाली आणि बल्बमधला तांबडा

खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर अंगठा घट्ट दाबून धरा. अंगठ्याचं टोक आतून लालभडक उजळतं. टॉर्चचा उजेड तर पांढरा होता, म्हणजे त्यात निळा, हिरवा, पिवळा असे बाकीचे रंगही होते. ते गेले कुठे? वाटेतच संपले. रक्तातलं हिमोग्लोबिन ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश भरपूर शोषतं. त्वचेतलं मेलॅनिन निळा-जांभळा जास्त शोषतं. तांबडा तेवढा मांसातून वाट काढत बाहेर येतो.

चित्रकार सावळाराम हळदणकरांनी हे नेमकं टिपलं होतं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र अनेकांनी निदान छापील रूपात तरी पाहिलं असेल. साडी नेसलेली तरुणी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा. त्या आडोशाच्या बोटांकडे नीट बघा. बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड पाहून हळदणकरांच्या नजरेला हात जोडावेसे वाटतात.

मेकअपच्या उजेडाबद्दल सांगायचं आणि सुरुवात अंगठ्यापासून करायची, याला कारण आहे. चेहऱ्यावर पडलेला थोडा प्रकाश वरच्यावर परततो, तो आपल्याला चकाकी म्हणून दिसतो. बाकीचा कातडीच्या आत शिरतो, तिथे इकडेतिकडे विखुरतो आणि रक्ताला, मेलॅनिनला भेटून मग बाहेर येतो. आपण ज्याला चेहऱ्याचा रंग म्हणतो तो बराचसा हा आतून फिरून आलेला उजेड असतो, आणि त्यात तांबड्याचा वाटा मोठा. आता दिव्यानेच तांबडा कमी दिला तर परत येणार काय? रूज आणि लिपस्टिक स्वतःचा प्रकाश देत नाहीत. दिव्याने दिलेल्यातलाच तांबडा त्या परतवतात. म्हणून मेकअपच्या सामानात पहिली वस्तू कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी बल्ब म्हणेन.

बाजारातला नेहमीचा एलईडी बल्ब मुळात निळा असतो. आतली चिप निळा प्रकाश टाकते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो. हा लेप निळ्यातला काही भाग शोषून त्याचा पिवळा प्रकाश करून देतो. उरलेला निळा आणि नवा पिवळा एकत्र डोळ्यात शिरले की आपल्याला पांढरं दिसतं! तशी निळी चिप बनवण्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, आणि ते रास्तच होतं. पण असा पांढरा म्हणजे सगळे रंग सारख्या प्रमाणात असलेला पांढरा नव्हे.

हे घरबसल्या बघता येतं. कपाटात जुनी सीडी पडली असेल तर काढा, तिच्या चकचकीत बाजूवर दिव्याचं प्रतिबिंब घ्या आणि सीडी हळूहळू तिरकी करा. जुन्या पिवळ्या बल्बचा पट्टा सलग दिसतो, तांबड्याकडे तर चांगला रुंद आणि भरघोस. समईच्या ज्योतीचाही सलगच, फक्त निळा अगदी क्षीण. सीएफएलचे सुटेसुटे पट्टे पडतात आणि मधे काळोख. स्वस्त एलईडीत निळा झगझगीत, त्याला लागून एक फिकट खळगा, मग हिरवा-पिवळा जोरात आणि तांबडा लवकर विझलेला. ज्या उजेडात आपण रोज तोंड बघतो त्याचं हे खरं स्वरूप. पहिल्यांदा पाहताना हरखून जायला होतं.

बल्बच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, शंभरपैकी. दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं हे माप. साध्या बल्बवर बहुधा ८० असतो आणि ८० म्हणजे चांगलंच, असं वाटतं. पण ही सरासरी आठ फिक्या रंगांवरून काढतात. गडद तांबडा हा नववा नमुना, त्याला आर-नऊ म्हणतात आणि तो सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या बल्बचा आर-नऊ शून्याच्या आसपास असू शकतो. कुंकू, लिपस्टिक, गालाची लाली ही सगळी त्या नवव्याच्या प्रांतातली. याच नमुन्यांत तेरावा गोऱ्या युरोपीय त्वचेचा आहे आणि जपानने आपल्या लोकांच्या त्वचेचा पंधरावा जोडला. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेचा नमुना या पंधरांत नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण त्रास आपल्यालाच जास्त होतो. मेलॅनिन जास्त असलेल्या त्वचेतून परतणाऱ्या उजेडात तांबड्यावरच भिस्त असते. तांबडा तोकडा असलेल्या निळसर उजेडात सावळा चेहरा राखाडी, निस्तेज दिसतो. मग फाउंडेशन एक शेड उजळ घेतलं जातं आणि उन्हात गेल्यावर चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्याच. दोष त्वचेचा नव्हता, दिव्याचा होता. खोक्यावर सीआरआय ९० च्या वर आणि जमल्यास आर-नऊ ५० च्या वर बघून घ्या. थोडे पैसे जास्त पडतात, पण एखाद्या महागड्या लिपस्टिकपेक्षा ते इथे सार्थकी लागतात.

मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेताना जुन्याजाणत्या बायका कापड आणि साडी घेऊन दुकानाच्या दारात येतात. त्यामागे भक्कम विज्ञान आहे. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या असतात. दोन वेगवेगळी रंगद्रव्यं एका उजेडात या तिघींना सारखाच संदेश देऊ शकतात आणि दुसऱ्या उजेडात साफ वेगळा. आत जुळलेली जोडी दारात फुटते ती यामुळे. फाउंडेशन आणि त्वचा ही अशीच दोन वेगळी द्रव्यं, म्हणून शेड निवडायची ती दुकानाच्या दाराशी, हनुवटीच्या कडेला लावून.

खोक्यावरचा दुसरा आकडा केल्विनचा. २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर. आकडा वाढला की उजेड थंड दिसतो. मी ४००० ते ५००० च्या मधलं घेईन, पण याची फार चिंता करू नये. डोळा आपणहून जुळवून घेतो, पिवळ्या दिव्यात काही मिनिटं बसलं की पांढरा कागद पुन्हा पांढरा वाटू लागतो. उजेडात जो रंग मुळातच नाही तो मात्र डोळ्याला भरून काढता येत नाही.

आता दिवा लावायचा कुठे? आपल्याकडे लोखंडी कपाटाच्या आरशापुढे उभं राहून तयार व्हायची पद्धत आहे आणि ट्यूबलाइट असते समोरच्या भिंतीवर, म्हणजे पाठीमागे, उंचावर. आरसा उजळतो, डोक्यामागचा अंबाडा उजळतो, चेहरा आपल्याच सावलीत. उजेड हवा चेहऱ्यावर. दिवा डोक्यावर असला तर भुवईची सावली डोळ्यांत, नाकाची ओठांवर, हनुवटीची गळ्यावर पडते. नसलेली काळी वर्तुळं दिसतात आणि आपण ती झाकत बसतो.

आणि यात मेंदूची एक जुनी खोड आहे. उजेड वरूनच येतो असं तो धरून चालतो. वरून उजळ आणि खाली गडद असलेलं काहीही त्याला फुगीर दिसतं. उलट केलं की तेच खोलगट. काँटूरिंगचा सगळा डाव या समजुतीवर उभा आहे. गालाच्या हाडाखाली थोडा गडद रंग लावला की मेंदू तिथे सावली बघतो आणि हाड आपसूक वर येतं. पण खोट्या सावल्या रंगवताना खऱ्या सावल्या मधे आल्या तर हिशेब चुकणारच. म्हणून रंगपटातल्या आरशांना चहूबाजूंनी बल्ब लावलेले असतात. डावीकडच्या दिव्याची सावली उजवीकडचा पुसतो, वरच्याची खालचा.

घरी एवढ्या बल्बांची गरज नाही. दोन सारखे दिवे, डोळ्यांच्या उंचीवर, आरशाच्या दोन्ही अंगांना, चेहऱ्यापासून हातभर लांब. दिव्याला दुधी काच किंवा पुढे बटरपेपर असावा, कारण उजेडाचा पृष्ठभाग मोठा असला की सावलीच्या कडा विरघळतात. श्रावणातल्या ढगाळ दुपारी अंगणात कुणाचीच ठळक सावली पडत नाही ती आख्खं आभाळच दिवा झाल्यामुळे. रिंगलाइट सावल्या पुसतो, पण नजरेच्या रेषेतूनच उजेड टाकून चेहरा इतका सपाट करतो की काँटूर नकळत जास्त लावला जातो.

दिवे जवळ येण्यासाठी आरसा छोटा असलेला बरा, आणि छोटा चालतोही. अंघोळीनंतर आरशावर वाफ धरली की एक डोळा मिटून चेहऱ्याची कड बोटाने आखा आणि मोजा. ती बरोबर चेहऱ्याच्या निम्मी भरते. मागे सरका, पुढे या, निम्मीच. प्रतिमा आरशामागे तेवढीच लांब असते आणि काच बरोबर मधोमध, म्हणून. चेहऱ्याच्या निम्म्या उंचीचा आरसाही अख्खा चेहरा दाखवतो.

दिवसा खिडकीसारखं दुसरं काही नाही, फक्त ती समोर हवी. एका कुशीला असली तर खिडकीकडचा गाल उजळ, दुसरा अंधारा, आणि लाली दोन्हीकडे सारखी लागत नाही. भिंत पोपटी किंवा पडदा केशरी असेल तर त्यांचा रंगही चेहऱ्यावर सांडतो.

संध्याकाळच्या रिसेप्शनला निघताना एक गोष्ट मात्र कुठलाच आरसा सांगत नाही. सनस्क्रीनमधला टायटॅनियम डायऑक्साइड आणि पावडरमधली बारीक सिलिका कॅमेऱ्याचा फ्लॅश सरळ लेन्सकडे उलटा फेकतात. खोलीत सुरेख दिसणारा चेहरा फोटोत पांढराफटक येतो. निघायच्या दहा मिनिटं आधी, कापसाचा बोळा हाताशी असतानाच, दिवे मंद करून फ्लॅशसकट एक फोटो काढून बघा.