छायाचित्रांतील मुखवटा

पुष्कळ घरीं आजोबांचें एकुलतें छायाचित्र लग्नाच्या समूहचित्रांतच असतें. त्यांतून त्यांची आकृति वेगळी काढावयाची म्हणजे कात्री चालवावयाची, अशी आमच्या विद्यार्थ्यांची समजूत दिसते. फोटोशॉपसारख्या साधनांत मात्र मूळ चित्र कापावें लागत नाहीं. त्यावर एक करडें चित्र योजितात; तोच मुखवटा. तो जेथें पांढरा तेथें मूळ चित्र दिसतें, काळा तेथें लपतें, करडा तेथें अर्धवट झिरपतें. सामान्यतः 0 पासून 255 पर्यंत 256 छटा असतात. चुकून कान झांकला गेला, तर तेथें पांढरा रंग फिरवितांच तो परत येतो. कात्रीस हें साधेल काय?

खरी कसोटी केसांची. बटेच्या कडेवरील एकाच ठिपक्यांत केस व मागील आकाश यांचे रंग मिसळलेले असतात. तेथें करडी छटाच हवी. ती अचूक साधली तरी आकाशाची निळाई उरते, आणि गडद पार्श्वभूमीवर बटेभोंवती फिकट किनार दिसूं लागते. ती निराळी घालवावी लागते.

शेजाऱ्याच्या हातामागें दडलेला खांदा मात्र कोणताहि मुखवटा देत नाहीं. तो रंगवूनच घ्यावा लागतो. व रंगविल्यास चित्राखालीं तसें लिहावें, असें आम्हांस वाटतें.