ली नदीच्या काठी

दक्षिण चीनमधील कँटन शहराचे नाव आमच्या वाचकांनी ऐकलेले असेलच; हल्ली त्यास ग्वांगझौ म्हणतात. ह्याच शहरी पोहोचण्याची आस धरून संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्यालगतच्या सान्सियान बेटावर गलबताची वाट पाहत राहिले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी तेथेच निवर्तले. पुढे १५५४ साली त्यांचा देह गोव्यास आणण्यात आला. जे शहर त्या संताच्या दृष्टीस पडले नाही, तेथून आम्ही यंदाच्या सुटीत सकाळच्या आगगाडीत बसलो आणि सुमारे तीन तासांत गुइलिनला उतरलो.

हा लोहमार्ग डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी कँटनहून येणाऱ्या प्रवाशाची अख्खी रात्र गाडीत जात असे. नवा मार्ग बहुतेक पुलांवरून आणि बोगद्यांतूनच जातो, त्यामुळे खिडकीजवळच्या जागेसाठी आमच्या मंडळींत झालेली चढाओढ बरीचशी वायाच गेली. पण ग्वांगशी प्रांतात शिरल्यावर एका बोगद्यातून गाडी बाहेर पडली आणि सारेच गप्प झाले. सपाट भातशेतीतून एकेक डोंगर सरळ उभा राहिलेला, जणू कुणी वारुळे रचून ठेवली आहेत!

हे डोंगर चुनखडीचे आहेत. ३५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला हा दगड पुढे वर उचलला गेला आणि पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने तो युगानुयुगे विरघळत राहिला. जे उरले ते हे सुळके, आणि त्यांच्या पोटातील गुहा. शू शियाखे नावाचा चिनी प्रवासी १६३७ साली ह्या भागात हिंडला. त्याने गुहांत शिरून, त्या पाहून बारकाईने टिपणे करून ठेवली आहेत. युनेस्कोने ह्या डोंगरांस २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले. गुइलिन ते यांगशुओ हा ली नदीचा प्रवाह ८३ किलोमीटरचा. शिंगपिंग गावाजवळचा देखावा चीनच्या २० युआनच्या नोटेवर छापलेला आहे, आणि तेथे पोहोचताच नावेतील प्रत्येकजण नोट हातात धरून समोरच्या डोंगराशी ताडून पाहतो. आम्हीही पाहिली.

परंतु जो दगड प्रवाशाचे डोळे निववितो, तोच कुणब्याचा घसा कोरडा पाडतो. येथे पाऊस काही थोडाथोडका नाही, वर्षाकाठी सुमारे १,९०० मिलिमीटर पडतो. मात्र डोंगराळ गावांत तो भेगांतून आणि विवरांतून थेट पाताळात उतरतो. विहिरीस पाणी लागत नाही. माती खडकांच्या बेचक्यांत ओंजळभर असते, तेथेच मका टोचायचा. पावसाचे पाणी धरण्यासाठी लोकांनी उतारावर सिमेंटच्या टाक्या बांधल्या आहेत. उन्हाळ्यात कोसभर घागर वाहणाऱ्या आमच्या माताभगिनींस ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. हिवाळ्यात खुद्द नदीही इतकी आटते की, वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. तरीही कधीकधी नावांची फेरी अर्ध्यावर आणतात.

पाणकावळ्यांच्या साह्याने मासे धरण्याची येथील कला पुरातन आहे. रात्री वेळूच्या तराफ्यावर दिवा लावायचा, पक्ष्याच्या गळ्याभोवती दोरी सैलशी बांधायची. म्हणजे लहान मासा तो गिळतो, मोठा गिळता येत नाही म्हणून धन्याकडे आणतो. आज ह्या धंद्यावर घर चालत नाही. काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने खांद्यावरच्या काठीवर दोन पाणकावळे तोलून धरले होते, आणि त्याच्याजवळ पैसे टाकून लोक छायाचित्रे घेत होते. दुभाष्यामार्फत आम्ही विचारले, “मुलगे मासे धरतात काय?” तो हसला. मुलगे कँटनकडे कारखान्यात आहेत. पाखरे विकून का टाकीत नाहीस, असे आमच्यापैकी एकाने विचारले, तेव्हा त्याने उत्तर न देता एकाच्या मानेवरून बोट फिरविले.

परतीच्या सकाळी स्थानकाजवळ आम्ही तांदळाच्या शेवया खाल्ल्या. गुइलिनचे लोक न्याहारीस हेच खातात: वर मांसाचे पातळ काप, भाजलेले शेंगदाणे, लोणच्यासारखी आंबविलेली चवळीची शेंग. आमच्यातील गोवेकर पाहुण्यांनी पहिल्या घासालाच जाहीर केले की, शेवया घरच्यासारख्याच आहेत, फक्त नारळाचा रस तेवढा नाही. मग त्यांनी आणखी एक वाडगा मागविला, आणि गाडी सुटावयास जेमतेम दहा मिनिटे उरली होती.