काळ्या पानाचा कडकपणा

परदेशाहून परतलेल्या एखाद्या आप्ताने सिगारांची पेटी आणली, की ती उघडताना जमलेल्या मंडळींत एक तरी गृहस्थ असा निघतोच, की जो त्यांतली सर्वांत काळी सिगार दोन बोटांत उचलून, तिचा केवळ वर्ण पाहून, ‘ही कडक; नवख्याने हिच्या वाटेस जाऊ नये’ असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. हा निर्वाळा मी इतक्यांदा आणि इतक्या अधिकारवाणीने दिलेला ऐकला आहे, की आता त्याचा सविस्तर समाचार घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

सिगारीचे घटक तीन : आत गाभा, त्याभोवती बांधणीचे पान आणि सर्वांत वर वेष्टनाचे पान. आपल्या गृहस्थांस दिसते ते एवढे वेष्टनच, आणि सिगारीच्या एकंदर वजनात त्याचा हिस्सा अगदी अल्प. कडकपणा म्हणजे निकोटिनाचे प्रमाण. आणि त्याचा मुख्य बंदोबस्त गाभ्यात होतो. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता अबाहो या विख्यात टापूत गाभ्याचे रोप उघड्या उन्हात वाढवतात. त्याची तळाची पाने ‘व्होलादो’, ती सिगार नीट जळावी म्हणून. मधली ‘सेको’, ती सुगंधासाठी. आणि शेंड्याकडची, ऊन सर्वांत अधिक प्यालेली, जाड व तेलकट पाने ‘लिहेरो’, ज्यांत खरा कडकपणा साठलेला असतो. हे पान सावकाश जळते, सबब कारागीर ते गाभ्याच्या ऐन मध्यावर ठेवतो. गंमत अशी, की ‘लिहेरो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘हलका’. तेव्हा रंगावरून गुण ओळखणाऱ्यांप्रमाणेच नावावरून ओळखणाऱ्यांचीही येथे फजितीच व्हायची. वेष्टनाचे रोप मात्र निराळेच. तेथे ते कापडी मांडवाच्या सावलीत वाढवतात, जेणेकरून पान रुंद, पातळ आणि लवचीक व्हावे.

मग काळेपणा येतो कोठून? ‘मादुरो’, म्हणजे पिकलेली, या वर्गातील पाने सामान्यतः जाड निवडून अधिक काळ व अधिक उष्णतेत आंबवतात. या आंबवण्यात अमोनिया निघून जातो, निकोटिनही काहीसे घटते, आणि पानास पुष्कळदा गोडसर चव येते. ज्याला भीत होतो तोच गृहस्थ गोड निघावा, तसा हा प्रकार! उलटपक्षी फिकट वेष्टनाच्या आत लिहेरो सढळ हाताने भरला असेल, तर तीच गोरीगोमटी सिगार आपल्या परीक्षकास घाम फोडील. एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी आणखी एक दाखला : हवानाच्या कारखान्यांत सिगारी वळून झाल्यावर रंगवार निवडून पेट्या भरण्याचा शिरस्ता आहे, त्यामुळे एकाच नावाची, एकाच मिश्रणाची सिगार एका पेटीत फिकट आणि दुसरीत गडद मिळू शकते. खुद्द उत्पादकांच्या वर्गवारीत ओयो दे मोंतेरेय हा छाप सौम्य, रोमिओ इ हुलिएता मध्यम आणि पार्तागास कडक. ही वर्गवारी ते रंगावरून करीत नाहीत.

या घोटाळ्यास आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. चहा गडद झाला तरी आपण ‘कडक’ म्हणतो आणि डोके गरगरवणाऱ्या तंबाखूलाही ‘कडक’च म्हणतो. वस्तुतः सिगारीचा भरीवपणा, म्हणजे धुराने तोंड किती भरून येते, हा एक गुण; आणि निकोटिनाची मात्रा हा दुसरा. बासुंदी भरीव असते, पण तिने कोणी झिंगत नाही. हातभट्टीची दारू पाण्यासारखी पातळ असून तिचा प्रताप सर्वविदित आहे. मध्यम भरीवपणाची सिगार पारखायची तर मिनिटास एखादाच झुरका घ्यावा, धूर छातीत न ओढता तोंडात खेळवावा, त्यातला किंचित नाकावाटे सोडावा, कारण कॉफी, चामडे, मिरी यांची जी आठवण होते ती बहुतांशी नाकाची कमाई. आणि मत द्यायचे ते पहिला, मधला व शेवटचा असे तिन्ही भाग निरखून. घाईने ओढलेली सिगार तापते, कडवट होते, आणि मग त्या कडवटपणालाच मंडळी कडकपणा समजतात.

बाकीचे समज किरकोळ. राख पांढरी म्हणून माल अव्वल, हे खरे नव्हे. राखेचा रंग मुख्यतः जमिनीतील खनिजांवर अवलंबून असतो. पेटीच्या ‘स्पॅनिश सीडर’ लाकडास कोणी देवदार म्हणतात. ते झाड कडुनिंबाच्या कुळातले, आपल्या तुणीचे आप्त. धूर गिळला नाही म्हणजे अपाय नाही, ही समजूत मात्र किरकोळ नव्हे : सिगारीचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतूनच शोषले जाते, आणि मुख, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगास सिगार कारण होते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ च्या अहवालात नमूद केले आहे.

राहता राहिली क्यूबन सुंदरींच्या मांड्यांवर सिगारी वळल्या जातात ही रसिक आख्यायिका. त्या वळल्या जातात लाकडी फळीवर, आणि वळणारे स्त्रीपुरुष त्या वेळी उंच बैठकीवरून वाचून दाखवले जाणारे वर्तमानपत्र किंवा कादंबरी ऐकत असतात. हवानात ही प्रथा १८६५ पासूनची, आणि ‘मोंते क्रिस्तो’ हे सिगारीचे १९३५ सालचे नावही द्यूमाच्या कादंबरीवरूनच आलेले.