‘माय नियर पेन इज’

सहावीच्या वर्गात आम्ही एका मुलीला म्हटले, “तुझ्याजवळ पेन आहे, हे इंग्रजीत सांग.” ती उभी राहिली आणि म्हणाली, “माय नियर पेन इज.” वर्ग हसला. पुढे कितीतरी दिवस तिने इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही.

विचार केल्यावर लक्षात आले, चूक आमची होती. तिने ‘मेरे पास पेन है’ हे शब्दाला शब्द लावून सांगितले होते. तसे का चालत नाही, हे आम्ही शिकवलेच नव्हते.

अकोल्यात आपल्या मुलांच्या घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि पुस्तकात मराठी. या तिन्हींत ‘हॅव’सारखे क्रियापद नाही. मुले जी अरबी वाचतात तिच्यातही नाही. तिथे ‘इंदी’ म्हणजे ‘माझ्याजवळ’. आपल्याकडे वस्तू माणसाजवळ असते. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो आणि मग ‘हॅव’ येतो.

आपण नाते, वस्तू आणि दुखणे वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतो. ‘मेरे दो भाई हैं’, ‘मेरे पास पेन है’, ‘मुझे बुख़ार है’. वऱ्हाडीत ‘मले दोन भाऊ आहेत’, ‘माह्याजवळ पेन आहे’, ‘मले ताप आहे’. इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द: आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव अ पेन, आय हॅव अ फीव्हर.

ही, शी, इट किंवा एकाचे नाव आले की ‘हॅज’. भूतकाळात सर्वांना ‘हॅड’. पण प्रश्नात ‘डझ’ आला की पुन्हा ‘हॅव’: ‘डझ शी हॅव अ पेन?’ मोठी माणसेही ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणतात, ते चूक. जेवत असताना मात्र ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ बरोबर.

याच शब्दाची आणखी दोन कामे आहेत. ‘आय हॅव टू गो’ म्हणजे मला जावेच लागेल. ‘आय हॅव फिनिश्ड माय होमवर्क’ म्हणजे गृहपाठ झाला आहे. इथे ‘येस्टर्डे’ जोडू नये. काल झाला असेल तर ‘आय फिनिश्ड इट येस्टर्डे’.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. तरी मुले बोलायला घाबरतात, कारण बोलले की कोणीतरी हसते. पालकहो, मूल ‘माय नियर’ म्हणाले तर हसू नका. त्याला आपली भाषा नीट येते, म्हणूनच ते असे बोलते. दस्तरख्वानावर रोज एक वाक्य विचारा: घरात कोणाला काय आहे? उर्दूत सांगू द्या, मराठीत सांगू द्या, मग इंग्रजीत. आम्ही वर्गात आता हेच करतो. ती मुलगीही पुन्हा हात वर करू लागली आहे. अजून चुकते, पण बोलते.